जत्रेआधी बाहेर काढलेली पिले

माझा धाकटा भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि त्याने कोंबड्या पाळण्याचे मनावर घेतले. कोरगावात या कामासाठी कोणी विद्यार्जन करीत नाही. त्याने ते मोबाईलवर केले. पिले आणून आम्हा दोघांत वाटलेल्या घराच्या आपल्या अर्ध्या भागात, जेवणघरात, बल्बखाली ठेवली आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली.

मग देवीची जत्रा आली. त्या दिवशी आमच्या घरात सोवळे असते. कोंबडीचे पीसही चालत नाही. भावजयीने फर्मान काढले. पिले काजूच्या बागेतील नव्या खुराड्यात निघाली. थंडी अशी, की सकाळी उशिरापर्यंत पत्र्यावरून दव ठिबकत होते.

"पाठीर पिसां आयली त्यांच्या?" मी भावाला विचारले. पाठीवर पिसे येईपर्यंत पिलांना बाहेरची थंडी सोसत नाही.

"दादा, थंय बल्ब लायलंय. वयर खाणीच्या ट्रकाची ताडपत्री घातलंय. वारो भितर येवचो ना."

"आणि लाईट गेली तर?"

"जत्रेदिसा लाईट कशी जातली?"

सारा जन्म गावात काढलेल्या माणसाचा हा प्रश्न. जत्रेला घरोघर रोषणाई होते, सगळा भार एकाच तारेवर येतो आणि दिवेलागणीला लाईट जाते. त्या दिवशीही गेली. भाऊ तेव्हा देवळात पालखीपुढे हात जोडून उभा होता.

मी खुराड्याकडे गेलो. उबेसाठी पिले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. खालची चिरडून थंड पडली होती. उरलेली पाटीत भरली आणि माझ्या न्हाणीघरात आणली. जत्रेला आलेल्या पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी तापवलेली चूल अजून ऊन होती.

भावजय दारातच उभी राहिली. "भावोजी, आज सोवळां! देवीक काय सांगूचां?"

"माझां नाव सांग."

थोड्या वेळाने पिले चिवचिवू लागली. पाहुण्यांनी ते ऐकले नाही, असे ठरवले आणि शाकाहारी जेवण जेवले.

सकाळी भावाने मेलेली पिले काजूखाली पुरली आणि देवीची मर्जी म्हणाला. खुराडे देवीने बांधले नव्हते, एवढे मी त्याला सांगितले. भावजयीने न्हाणीघरात गोमूत्र शिंपडले. त्यातले थोडे चुलीवर पडले. ती पुन्हा मलाच पेटवावी लागली.

"दादा, आता भायर कधी काढूया?" भावाने विचारले.

"पाठ पिसांनी झाकली की."

त्याने मान डोलावली, चष्मा लावला आणि पिलांकडे न बघता खिळ्यावरचे कॅलेंडर काढून तारीख शोधू लागला.