तांदूळ निवडणारी सून

मुलुंडच्या गव्हाणपाड्यात राहणाऱ्या नंदकिशोर कारखानीसने विमा कंपनीत जेवढी नोकरी केली, त्याहून जास्त नाटकं केली. ऑफिसच्या स्पर्धेत लेखक तो, दिग्दर्शक तो, नायकही तोच. पडदा ओढायला दुसरा माणूस लागतो, एवढंच काय ते त्याला दुःख. त्याच ऑफिसातला मी दरवर्षी नाटकात नोकर व्हायचो. निवृत्तीनंतर स्टेज सुटलं, तेव्हा नंदूने त्याच जुन्या नाटकांचे पॉडकास्ट करायला घेतले.

बाहेर पुनर्विकासाचं ड्रिलिंग, आत शेजारच्यांचा कुकर. म्हणून स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. साड्यांमध्ये आवाज घुमत नाही, हे शेजारच्या गंधालीने सांगितलं. ती साऊंडचं शिकलेली. साड्या वसुधावहिनींच्या. त्या गेल्या वर्षी गेल्या, पण नंदूने एकही साडी हलवली नव्हती. दार उघडलं की चंदनी साबणाचा वास यायचा आणि मी उगाच बाजूला सरकायचो, वहिनींना बाहेर यायला वाट द्यावी तसा.

पेच पडला तो त्यांनी काम केलेल्या नाटकात. वहिनींना पाठांतराचं वावडं. पहिल्याच तालमीत तिसरं वाक्य विसरल्या आणि सरळ पोहे करायला निघून गेल्या. मग नंदूने भूमिका मुकीच केली. खोटारड्या घरातली थोरली सून कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते; कुणी खोटं बोललं की तिचा हात थांबतो. बस्स. त्या वर्षीचं बक्षीस वहिनींना मिळालं. नायक आठवडाभर धुसफुसत होता.

"काका, जी बोलत नाही, ती ऐकणाऱ्याला नसतेच," गंधाली म्हणाली. "रोल काढा, नाहीतर तिला डायलॉग द्या."

"डायलॉग दुसऱ्या बाईच्या आवाजात? नाही. आणि वसुधा नसेल तर मला पॉडकास्टच नको."

"बांगड्या वाजवू या ना," मी सुचवलं.

"गप रे! ती काय नंदीबैल आहे?"

शेवटी तोडगा त्यालाच सुचला. थांबलेला हात डोळ्यांना दिसायचा. कानांना आधी चालणारा हात ऐकवायचा. गंधाली स्टीलचं ताट घेऊन कपाटाशी बसली. नाटकभर तांदळाची सरसर. इतकी, की तिचा विसर पडावा. मग थोरला भाऊ घर सोडून गेलेल्या धाकटीबद्दल म्हणतो, "तिला या घरात काही कमी नव्हतं," आणि सरसर थांबते. ऐकताना वाटलं, जमलं. मी गंधालीकडे बघून हसलो, पण ती हसली नाही.

राहिली होती फक्त अर्पणपत्रिका. ती नंदू स्वतः वाचणार, मागे तांदूळ चालूच. मी समोर पलंगावर होतो. गंधालीचा हात क्षणभरही थांबला नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

मग तिने रेकॉर्डिंग लावलं. नंदूचा आवाज, मागे सरसर. "ही भूमिका माझ्या पत्नीची. वसुधा आता आपल्यात नाही."

तांदूळ थांबले.

पुढच्या वाक्याला पुन्हा सुरू झाले.

"काका, मी थांबले नव्हते हो," गंधाली पुटपुटली.

"वायर लूज असेल," मी म्हणालो.

"तसं असतं तर त्या मधल्या शांततेत तुझा खोकला कसा आला रे?" नंदूने विचारलं.

खोकला खरोखरच आला होता. स्वच्छ, माझाच.

गंधालीने ताट जमिनीवर ठेवलं. "परत घेऊ या?"

नंदूने कपाटात पाहिलं. साड्या जिथल्या तिथे होत्या. "परत नको. तेवढं वाक्य काढून टाक."

तिने ते काढलं. मग कलाकारांची नावं टाइप करायला घेतली. "काका, काकूंच्या नावाआधी कै. लावू ना?"

"नको गं. आणि नाव सगळ्यांत वर घाल," नंदू म्हणाला. "माझ्याही वर."