मनी शे

शाई आणि खळीचा ताजा वास आला की मला नाशिकमधला तो छापखाना आठवतो. ‘अहिराणी संवाद काढा,’ असं प्रत्येक प्रकाशक सांगत होता, म्हणून पहिली कादंबरी मी स्वतःच छापायला घेतली होती. छापून आलेला पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, वाचला आणि माझं डोकंच फिरलं. माझी नामपूरची नायिका भावांसमोर उभी राहून म्हणते, ‘हाई जमीन मनी शे,’ म्हणजे ही जमीन माझी आहे. छापखान्याच्या मालकांनी ते वाक्य मोठ्या आपुलकीनं सुधारलं होतं : ‘ही जमीन मनात आहे.’ बाईचा हक्क गेला आणि नुसतं स्वप्न उरलं. मशीन खडखडत होतं. मी ओरडले, ‘थांबवा ते!’ मालक म्हणाले, ‘अहो ताई, पुस्तकात असं कोण बोलतं?’ ‘मी बोलस!’ नाशिकला आल्यापासून चारचौघांत लपवलेली माझी बोली पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडली होती. त्यांनी मशीन बंद केलं. आता कुणाच्याही हस्तलिखितात अनोळखी शब्द दिसला की त्यांचा फोन येतो, ‘ताई, ही चूक आहे, की मनी शे?’