नवऱ्याचं नाव

आई चुलीवर पेज ठेवून शेजारच्या पाड्यावर जाऊन बसायची, आणि धूर दिसला की कुणाच्या घरात जळतंय म्हणून विचारायची. बाबांकडून हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी शहापूरहून मुरबाडजवळच्या माहेरी गेले आणि तिला जीपने कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा गुरांपायी घरी थांबले.

डॉक्टर हिंदीत विचारत, मी मराठीत सांगत होते. आज तारीख कोणती?

"पौस म्हयना लागलाय. म्हसा गावची जत्रा आली जवल."

आपण कितव्या मजल्यावर आहोत? "वरच्या." शंभरातून सात वजा करत जा. आईने माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं, धीरही आला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे काय विचारणं झालं!

मग नवऱ्याचं नाव विचारलं. आईने पदर डोक्यावर ओढला. "तूच सांग गो."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि माझं डोकंच फिरलं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती आम्हा पोरांना पुढे ढकलून बाबांचं नाव सांगायला लावायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून अजून बोलणी खाते. हे सगळं मी मोडक्या हिंदीत डॉक्टरांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, महिन्याने पुन्हा घेऊन या.

परतताना जीपमध्ये मी तणतणत होते. आजारी यांचे प्रश्न, माझी आई नाही! तरी ती जळकी पेज काही डोक्यातून जाईना. बाबांना काय सांगायचं ते मी पुन्हा पुन्हा जुळवत राहिले.

पोचलो तेव्हा बाबा गोठ्यात धार काढत होते. आईने दारात उभं राहून, पोराला बोलवावं तसं, मोठ्याने बाबांचं नाव घेतलं. नुसतं नाव, आणि पुढे रे.

"कुटं गेलास रे? पेज निवली!"

चूल पेटलेलीच नव्हती.

बाबा चरवी घेऊन बाहेर आले. एवढ्या संसारात तिच्या तोंडून त्यांनी आपलं नाव ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"डागतर काय बोलला गो?"

तेवढ्यात आईने पुन्हा हाक मारली, आणि बाबांनी ओ दिली.