दिव्याचं तेल

वळसंगजवळ आमचं गाव. गावाबाहेर फार जुनं शिवमंदिर आहे आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा सोमवार तिथंच जातो. आलेल्यांना देऊळ दाखवायचं आणि जमेल तेवढं आवरायचं. खांबावर किल्लीनं नाव कोरणारा दिसला की माझा पारा चढतो. मास्तरकी अजून अंगातून गेलेली नाही.

मंडपात जुन्या कन्नडातला एक शिलालेख उभा आहे. गावातल्या बाया देव समजून त्याच्यावर तेल घालत आल्या. तेलावर भस्म, भस्मावर धूळ. खालच्या ओळी पार बुजल्या. यात सगळ्यांत नेमाची होती माझी अव्वा, म्हणजे आई. जगाला दटावणारा मी, तिला मात्र कधी बोललो नाही.

एकदा शिलालेखाला टेकून फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांना मी हटकलं. त्यांनी मागं बोट दाखवलं. "आधी त्या आजींना सांगा." मागं अव्वा, हातात तेलाची वाटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी विषय काढला तर ती उसळली. "माज्या सासूनं घातलं, मी घालते. तू कोन सांगनार?" दोन दिवस अबोला.

पुढच्या सोमवारी तिला दगडासमोर बसवलं आणि एका अभ्यासकांनी लावून दिलेला अर्थ वहीतून वाचला. कुणा बाईनं या देवाच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून आपली जमीन दिली होती.

"बाईनं?" अव्वा पुढं सरकली. "नाव काय तिचं?"

"खालच्या ओळीत असंल. ती आता वाचता येत न्हाय."

अव्वानं त्या काळ्या थरावरून बोट फिरवलं. "म्हंजे तिचं नाव आमीच बुजवलं की." मग उठली आणि वाटीतलं तेल गाभाऱ्यातल्या समईत ओतून आली.

आता दर सोमवारी ती मंडपात बसते. माझं व्याख्यान ऐकून माना डोलावणाऱ्या आणि मी वळताच तेल ओतणाऱ्या बाया तिच्यापुढं मुकाट समईकडे जातात. मला तिचा इतका अभिमान वाटतो की आलेल्या प्रत्येकाला सांगतो, ही माझी आई.

परवा शिलालेखावर तेल घालायला आलेली एक पाहुणी जरा चिडूनच म्हणाली, "आजी, तुम्ही कोण अडवणार?"

"लई वर्सं मीच चुकले, बाई," अव्वा म्हणाली. "आता तुमाला चुकू देनार न्हाय."