दगडात दाबून बसलेलं पाणी

आमच्या वावरात पाण्यासाठी चुनखडीच्या दगडापर्यंत भोक पाडायचं होतं. माझा लेक भोक पाडायच्या मशीनवर कामाला होता. आधी मशीनवाल्यांनी जमिनीला हादरे देऊन खालून परत येणाऱ्या लाटा मोजल्या होत्या. त्यांची साहेबीण म्हणाली, दगडाच्या फटींत पाणी दाबून बसलं आहे, भोक पडताच उसळेल. तिनं लेकाला ते दाबायला जड चिखल कालवून तयार ठेवायला लावला.

आमच्याकडे पहिल्या पाण्याला हळदकुंकू वाहतात. मी ताट घेऊन भोकाशीच बसले.

"बाई, मांगं सरका," साहेबीण म्हणाली.

"काऊन? तू का जमिनीत जाऊन आली?"

"मी नाई गेली जी, लाटा गेल्या. दाब असला का त्या हळू चालतात."

मी कुरकुरत उठले. थोड्याच वेळात मशीन थरथरलं आणि पाणी मोहाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत उसळलं. मी बसले होते तिथं दगड पडत होते. लेकानं भोकात चिखल सोडला, तेव्हा पाणी हळूहळू दबलं.

जन्मभर मी त्या वावरात निंदण केलं. पायाखाली एवढी ताकद असेल, असं कधी वाटलं नव्हतं. लेक चिखलानं माखून हसत होता. मी हातातल्या ताटातलं हळदकुंकू दुरूनच त्या पाण्याला वाहिलं.