हातमोज्यातली हवा

बडोद्याच्या वासणा भागातल्या गॅरेजमधली ती घटना मला आजही आठवते. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, नुकतेच झाले होते. हायब्रिड गाड्या बडोद्यात तेव्हा नव्या होत्या. अशाच एका गाडीची बॅटरी उघडताना मेकॅनिकला झटका बसला. तो मागे फेकला गेला आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला.

आम्ही अपघाताची नोंद केली. तेवढ्यात ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, ॲक्सिडेंट नथी. गॅरेजमधल्या त्याच्या भागीदाराचंच काम आहे. उत्तरायणाला गच्चीवर दोघांची हाणामारी झाली होती." मेकॅनिकच्या बायकोनेही तसाच जबाब दिला. भागीदारावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागण्याची वेळ आली.

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, पण विजेतले मला फारसे कळत नव्हते. म्हणून पंचनाम्याला या गाड्यांचा एक जाणकार बोलावला. मेकॅनिकने नियमाप्रमाणे बॅटरीचा प्लग काढून खिशात ठेवला होता.

"मग वीज आली कुठून?" मी विचारले.

"प्लग काढला की नारिंगी तारांतली वीज थांबते, साहेब. बॅटरीच्या पोटात ती असतेच. तिथे हातमोजेच वाचवतात."

मेकॅनिकचा जप्त केलेला रबरी हातमोजा त्याने मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली. तळव्यातून बारीक सूं ऐकू आले. बोटांच्या बेचक्यात गुलाबी रंग होता. तो मांज्याचा रंग बडोद्यात कोणीही ओळखेल.

भागीदाराला मी समोर बसवले. "हे घालून दोरीला मांजा लावलास?"

"हो साहेब. काचेची पूड बोटं कापते ना."

"मग गप्प का होतास?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, मुद्दाम भोकं पाडली."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मेकॅनिक दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर, त्याला काहीही न सांगता मी विचारले, "मोजे कोणी नेले होते?"

"मीच दिले, साहेब. दोरी माझीच होती. नंतर हवा भरून बघायचं राहिलं."

"आणि ती हाणामारी?"

तो हसायला गेला आणि कळवळला. "त्या नालायकाने माझाच पतंग कापला!"

बायको उशाशी उभी होती. "साहेब, माझा जबाब खोडून टाका."

"खोडता येत नाही, बेन. नवा द्यावा लागेल."

तो देऊन ती बाहेर बाकावर बसलेल्या भागीदाराकडे गेली. "भाई, आत चला. ते तुम्हालाच विचारताहेत."

आम्ही पोलीस आधी वैर शोधतो, कारण ते लवकर सापडते. त्यानंतर मी जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल एवढे मात्र विचारू लागलो, की तिचे काम नसताना ती कोणाच्या हातात होती, आणि कशासाठी.