गाभणकाकी

कशेडी घाटाच्या अलीकडच्या त्या वाडीत तिला सगळे गाभणकाकी म्हणायचे आणि तीही बिनदिक्कत ओ द्यायची. नवरा पानावर बसलेला असो की पाहुणा दारात, ती आधी गाभण शेळ्यांपुढे कण्या आणि नाचणीचं भरड ठेवणार. "त्यांच्या पोटात दुसरं हाय. तुमच्या पोटात काय हाय?" असं तिनं एकदा सरपंचांना तोंडावर विचारलं होतं.

मी तेव्हा पोलादपूरला जनावरांच्या दवाखान्यात होतो. शेवटचे दोन महिने शेळीला नीट खायला घातलं की करडू वजनदार होतं, आईला दूध भरपूर येतं, हे मोठ्या ऐटीत तिला शिकवायला गेलो आणि तोंडघशी पडलो. तिला ते माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. फणसाचा, उंबराचा पाला ती एकेका शेळीची भूक ओळखून टांगायची.

अडत होतं ते बोकडापाशी. वाडीची रीत अशी, की नवसाला थोराड बोकडच द्यायचा. मागे उरायचं ते मरतुकडं, आणि गाभण करायला तेच आपल्या आईला, बहिणींना लागायचं. करडं वर्षागणिक बारकी होत चालली होती. मी हे काकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे चांगला तेवढा आमीच कापतो. येडीच आमी, साहेब!"

महाडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी तिला धिप्पाड बोकड आणून दिला. पुढच्या वेताला जुळी झाली, दोन्ही टणटणीत. काकी फोनवर नुसती हसत होती.

मग मुंबईत तिचा मुलगा परांचीवरून पडला. तिनं देवीला बोकडाचा नवस बोलला. मुलगा वाचला. मी म्हटलं, "अहो काकी, एखादा बारका द्या. देवी काय काटा घेऊन बसलीय?" ती भडकलीच. "पोर माझा आख्खा परत दिलान तिनं. मी तिला बारका देऊ काय?"

तोच बोकड गेला. त्या दिवशी मीही तिथे जेवलो, सांगायला लाज वाटते.

"दुसरा आणा, साहेब," ती म्हणत राहिली आणि मी "आणतो, आणतो" करत राहिलो. का नाही आणला? आळस, दुसरं काय! तोवर त्या बोकडाची थोराड पिल्लं इतरांच्या नवसांना गेली. राहिला त्याचाच एक खुरटा, आणि तोच आपल्या आईला, बहिणींना लागत राहिला.

तीन वर्षांनी गेलो तेव्हा करडांना धड उभं राहता येत नव्हतं. आईच्या सडापर्यंत तोंड पोचेना. काकी एकेकाला मांडीवर घेऊन बोंडल्यानं दूध पाजत होती. रोज एखादं मरत होतं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "खायला मी घातलं, साहेब. रक्त कुठनं घालू?" एवढंच म्हणाली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तिनं खाटकाला बोलावलं. शिवथरकडचा एक तरुण सगळ्या शेळ्या पाळायला मागत होता, त्याला तिनं साफ नाही सांगितलं. "त्याच्या दारात पण हीच पोरं मरतील. मी बघितलंय. त्याला नको बघायला."

"काकी, थांबा," मी म्हणालो. "ह्या खेपेला बोकड मी आणतो. खरंच आणतो."

"चा ठेवलाय, पिऊन जा साहेब," ती म्हणाली आणि शेवटची शेळी खाटकाच्या टेम्पोत चढवली.